झऱ्याचं पाणी मोटरशिवाय वावरात: उंची पुरेशी असूनही पाईप का थांबतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. सह्याद्रीच्या उतारावरचं गाव. झरा वावराच्या वरच्या बांधापासून पाईपच्या वाटेने ३५० मीटरवर आणि १८ मीटर उंच. मध्ये, झऱ्यापासून १२० मीटरवर एक टेकाड आहे, ते झऱ्यापेक्षा जेमतेम दोन मीटर खाली. डिसेंबरात २५ मिमीचा काळा एचडीपीई पाईप टाकला. पंधरा दिवस धो धो पाणी आलं, मग फुरफुरत, थांबून थांबून येऊ लागलं आणि आता दुपारी तर बंदच पडतं. झऱ्याला पाणी आहे, मिनिटाला २० लिटरची बादली भरते. २० गुंठे भाजीपाला करायचा आहे. मोटर बसवावी की मोठा पाईप आणावा?

मोटर नको. पाईपही सध्या आणू नका. आधी खालच्या टोकाला एक व्हॉल्व्ह बसवा आणि पाणी कमी करा. उलटं वाटेल, पण या लाइनचं दुखणं जास्त पाणी ओढण्याचं आहे.

२५ मिमी हा एचडीपीई पाईपचा बाहेरचा व्यास. आतून तो साधारण २१ मिमी असतो, म्हणून दुकानात त्याला पाऊण इंची म्हणतात. पाण्याचा दाब इथे उंचीच्या मीटरमध्येच मोजू. एवढ्या पाईपातून मिनिटाला २० लिटर न्यायचे तर दर १०० मीटरला जवळपास पावणेसहा मीटर उंची घर्षणात जाते. ३५० मीटरला २० मीटर झाले. तुमच्याकडे आहेत १८. म्हणजे टोक मोकळं सोडलं की पाईप १८-१९ लिटरवर स्थिरावतो आणि सगळी उंची घर्षणात खर्च होते. इथवर काही बिघडत नाही. बिघडतं टेकाडावर. तिथवरच्या १२० मीटरमध्ये सहा मीटरहून थोडी जास्त उंची खर्च झालेली असते, आणि टेकाड मात्र झऱ्यापेक्षा फक्त दोन मीटर खाली. उरलेले चार मीटर उसने घेतलेले. तिथे पाईपमध्ये दाब नसतो, उलट ओढ असते. खालचं पाणी वरच्या पाण्याला वक्रनळीसारखं खेचत असतं.

अशी ओढ काही दिवस चालते, म्हणूनच पंधरा दिवस पाणी आलं. पण पाण्यात विरघळलेली हवा ओढीखाली सुटते, सैल जोडातून बाहेरची हवा आत शिरते आणि दोन्ही टेकाडावर साठतात. दुपारी उघडा काळा पाईप तापला की पाणी आणखी हवा सोडतं, असलेली हवा फुगते. म्हणून दुपारी बंद आणि पहाटे पुन्हा थोडं चालू. हे लक्षण या आजाराचंच आहे.

खात्री करायला टेकाडावरचा सर्वांत उंच जोड पाणी चालू असताना अर्धा फेरा सैल करा आणि कान लावा. हवा आत ओढली गेली तर वर सांगितलेलंच कारण. हवा फुस्सकन बाहेर आली आणि मागून पाणी आलं, तर दाब ठीक आहे, नुसती हवा अडकली होती. लगेच पाणी आलं आणि हवा आलीच नाही, तर टेकाड निर्दोष. मग वरच्या तोंडाशी पानं, मुळ्या किंवा खेकडा शोधा. पाईपला भोक पाडून बघू नका, ते भोक नंतर कायमचं दुखणं होतं.

पहिल्या प्रकारात लोक दुकानदाराच्या सांगण्यावरून एअर व्हॉल्व्ह (हवा सोडणारी झडप) आणून टेकाडावर बसवतात आणि पाणी पूर्णच थांबतं. ओढ असलेल्या जागी एअर व्हॉल्व्ह म्हणजे हवेला दिलेलं दार. आधी तिथे दाब आणायचा, मग हवा काढायची सोय करायची.

दाब आणण्याचा फुकटाजोगा उपाय तो खालचा व्हॉल्व्ह. प्रवाह मिनिटाला १० लिटरवर आणला की टेकाडापर्यंतचं घर्षण दोन मीटरवर येतं, म्हणजे बरोबरी. ८ लिटरवर आणलं तर सव्वा मीटर, म्हणजे टेकाडावर पाऊण मीटरचा खरा दाब राहतो. खाली २० लिटरची बादली धरा, ती अडीच मिनिटांत भरेल इतपत व्हॉल्व्ह आवळा आणि दांडीवर खूण करून ठेवा. गेट व्हॉल्व्ह घ्या. बॉल व्हॉल्व्ह पटकन उघडबंद करायला चांगला, बारीक आवळायला वाईट.

आता टेकाडावर एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि अर्धा इंची चावी बसवा. लाइन पुन्हा भरताना खालचं टोक किंचित उघडं ठेवून वरून हळूहळू पाणी सोडायचं आणि टेकाडावरच्या चावीतून एकसलग पाणी येईपर्यंत हवा जाऊ द्यायची. घाईने भरलं तर पाणी हवेच्या खालून निघून जातं आणि हवा वरच राहते. मिनिटाला ८ लिटरला २५ मिमीच्या पाईपात वेग सेकंदाला जेमतेम ४० सेंटिमीटर असतो, तेवढ्याने हवा आपोआप वाहून जाईलच असं नाही. पहिल्या आठवड्यात रोज, मग चार-पाच दिवसांनी ती चावी उघडून पाहावी. टेकाडाच्या अलीकडे-पलीकडे जिथे पाईप खोल उतरतो त्या सर्वांत खालच्या जागीही एक टी आणि चावी हवी. ती गाळ धुवायला.

८ लिटर म्हणजे कमी झालं असं वाटेल. दिवसाचे ते साडेअकरा हजार लिटर होतात. आणि खरा प्रश्न पाईपचा नाहीच, मे महिन्याचा आहे. डिसेंबरचं मोजमाप झऱ्याच्या बाबतीत फसवं असतं. आपल्याकडचे बहुतेक झरे काळ्या कठीण पाषाणाच्या किंवा गेरूच्या तांबड्या थराच्या माथ्यावर फुटतात. वरच्या भेगाळलेल्या, सच्छिद्र खडकात पावसाचं पाणी मुरतं, खालचा घट्ट थर त्याला अडवतो आणि डोंगराच्या कुशीत ते बाहेर पडतं. पावसानंतर साठा भरलेला असतो, उन्हाळ्यात तो उतरत जातो. मिनिटाला २० लिटर देणारा झरा मेच्या मध्यावर ८ किंवा ५ देऊ शकतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी, सकाळी त्याच वेळेला, तीच बादली लावून मोजा आणि वहीत लिहा. एक उन्हाळा मोजल्याशिवाय मोठा खर्च करू नका. यंदाची आखणी करायची तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की मेमध्ये तिथे हंडा भरायला किती वेळ लागायचा. ते उत्तर कोणत्याही अंदाजापेक्षा पक्कं असतं.

उदाहरणादाखल मे महिन्यात ८ लिटर धरू. त्यातलं सगळं घ्यायचं नाही. खाली ओहळावर गुरं असतात, कोणाचं तरी पिण्याचं पाणी असतं, शिवाय ओहळ पूर्ण कोरडा केला की गावात पहिलं भांडण तिथेच लागतं. एक तृतीयांश सोडून दिलं तर तुमच्या वाट्याला मिनिटाला सव्वापाच-साडेपाच लिटर, म्हणजे दिवसाला जवळपास ८,००० लिटर येतात.

गुंठ्याचा हिशेब सोपा आहे. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०१ लिटर. उन्हाळ्यात पीक भरात असताना रोज पाचेक मिलिमीटर लागतं, म्हणजे गुंठ्याला ५०० लिटर. ठिबकवर ओळींमधली जागा कोरडी राहते, तिथे ४०० धरता येतात. सरीने पाणी द्याल तर निम्म्याच्या आसपास मुरण्यात आणि वाहून जाण्यात जातं, तेव्हा ९०० धरा. ८,००० लिटरमध्ये ठिबकवर २० गुंठे कागदावर बसतात, सरीवर नऊ. कागदावर बसलेले २० गुंठे मेच्या कडक आठवड्यात बसत नाहीत. माझा सल्ला, हिवाळ्यात वीसच्या वीस गुंठे करा (तेव्हा गरज साडेतीन मिलिमीटरच्या आसपास असते), आणि मार्चनंतर पंधरावर या. गवार, भेंडी, वेलवर्गीय पिकं ठेवा. पालेभाजीचा मोह मेमध्ये टाळा.

म्हणजे आहे तोच २५ मिमीचा पाईप या २० गुंठ्यांना पुरेसा आहे. मोठा पाईप कधी घ्यावा? शेजारची दोन-तीन कुटुंबं सोबत येणार असतील आणि हिवाळ्यातलं पूर्ण २० लिटर खाली आणायचं असेल तर. तेव्हाही सगळी लाइन बदलू नका. फक्त झरा ते टेकाड हे पहिले १२० मीटर ४० मिमीचे करा, पुढे रिड्यूसर (जाड पाईपला बारीक पाईप जोडणारा तुकडा) लावून जुना २५ मिमी तसाच ठेवा. ४० मिमीच्या पाईपात २० लिटरला १०० मीटरमागे अर्ध्या मीटरहून थोडंसं जास्त घर्षण लागतं. टेकाडापर्यंत पाऊण मीटरही जात नाही, दाब शाबूत राहतो. पुढच्या २३० मीटरमध्ये २५ मिमीत सव्वातेरा मीटर जातात. एकूण १४, हाताशी १८. बसलं. हेच उलटं केलं, वर बारीक आणि खाली जाड, तर पैसा तेवढाच जातो आणि टेकाडावर ओढ तशीच राहते. व्यास निम्मा केला की त्याच प्रवाहाला घर्षण जवळजवळ ३० पट होतं, हे लक्षात ठेवलं की जाड पाईप कुठे घालायचा ते आपोआप कळतं.

सगळीकडे ४० मिमी घालण्यातही एक खोट आहे. तो पाईप या उतारावर मिनिटाला ६५ लिटरहून जास्त ओढू शकतो, झरा देतो २०. मग वरच्या तोंडाशी पाणी कमी पडतं, भोवरा होतो आणि पाण्याबरोबर हवा आत जाते. नियम एकच: झऱ्यापाशी पाणी जमा करणाऱ्या ड्रममधून (तो कसा बसवायचा ते पुढे येतं) थोडंसं पाणी नेहमी सांडत राहिलं पाहिजे. सांडणं थांबलं की खालचा व्हॉल्व्ह आणखी आवळा. झरा उतरत जाईल तशी वर्षातून तीन-चारदा ही खूण बदलावी लागते.

मोजमापाबद्दल. मोबाईलवरची उंची या कामाला निरुपयोगी आहे, ती कित्येक मीटर चुकते आणि इथे दोन मीटरवर खेळ आहे. १५ मीटर पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. दोन सारख्या काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करा. एक माणूस झऱ्याच्या पाण्याच्या पातळीवर, दुसरा पाईपच्या वाटेवर १५ मीटर पुढे; दोन्हीकडच्या खुणांतला फरक लिहा, मागचा माणूस पुढे जाईल, असं शेवटपर्यंत. ३५० मीटरला २४ टप्पे होतात, अर्ध्या दिवसाचं काम. चौकटीच्या वहीत अंतर आडवं आणि उंची उभी मांडली की टेकाड आणि खोलगट जागा डोळ्यांसमोर येतात. मग झऱ्याच्या पातळीपासून घर्षणाची तिरकी रेघ ओढायची. जमिनीची रेघ तिच्या वर गेली तिथे गडबड. अशा वेळी टेकाडाला वळसा घालून पाईप नेता आला तर तो पहिला पर्याय. ५० मीटर जास्त लागले तरी ८ लिटरच्या प्रवाहाला अर्धा मीटर उंचीच जास्त जाते.

झऱ्याच्या तोंडाशी केलेली चूक मात्र दुरुस्त होत नाही. झऱ्याचा डोळा, म्हणजे पाणी फुटतं ती जागा, खणून मोठा करायचा नाही, पहारीने फोडायचा नाही आणि त्याच्यावर पाणी चढेल असा बांधही घालायचा नाही. डोळ्यावर पाण्याचा भार आला की झरा आतल्या आत दुसरी वाट शोधतो आणि ती कुठे निघेल सांगता येत नाही. सांडव्याची पातळी डोळ्याच्या खालीच हवी. डोळ्यासमोर दगडांची पडदी, मागे धुतलेली खडी, त्यातून पाईपने पाणी २०० लिटरच्या ड्रममध्ये. ८ लिटरच्या प्रवाहाला तिथे पंचवीस मिनिटं मिळतात, बारीक रेती तळाला बसते. बाहेर जाणारा पाईप तळापासून १५ सेंटिमीटर वर, टोकाला भोकं पाडलेला हातभर पाईप आणि त्यावर नायलॉनची जाळी दोन पदरी. जाळीचं क्षेत्र पाईपच्या तोंडाच्या कित्येक पट हवं, नाहीतर एक पान सगळं बंद करतं. ड्रमच्या तळाला धुण्याची चावी, वर झाकण.

झरा नसून वाहता ओहळ असेल तर दगडांचा ठेंगणा बांध आणि पाण्याच्या बाजूने प्लॅस्टिकचा कागद, ही कोकण कृषी विद्यापीठाची कोकण विजय बंधाऱ्याची पद्धत स्वस्त आणि पुरेशी आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून केलेला वनराई बंधाराही चालतो. दोन्ही पावसाळ्यात टिकावेत अशी अपेक्षा धरायची नसते.

ओहळाचा वाटा आणि शेजाऱ्यांचा वाटा ड्रममध्येच पाडता येतो. ड्रमला एकाच पातळीवर, एकाच मापाची तीन भोकं. दोन तुमच्या पाईपकडे, एक ओहळाकडे. पातळी नळीने मिळवा; एक भोक सेंटिमीटरभर खाली गेलं की पाणी कमी असताना तेच सगळ्यात जास्त पितं. वाटा पाडण्याऐवजी पाळी लावायची असेल तर धुळे-नाशिक भागातली पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत पाहण्यासारखी आहे. तिथे शेतकरी स्वतः दारं धरत नाही. पाटकरी सगळ्यांच्या वावरांना क्रमाने पाणी देतो, त्यामुळे चोरीला कारणच उरत नाही. चार घरांच्या झऱ्यालाही हे लागू पडतं: चावी एकाच्या हाती, आठवडे पाळीने.

पाईप ४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाचा घ्या. १८ मीटर उंचीला व्हॉल्व्ह बंद असताना १.८ किलो दाब येतो, अडीच किलोचा पातळ पाईपही तेवढं सोसेल, पण गुरांचा पाय आणि आतली ओढ त्याला चपटा करते. उंची ४० मीटरच्या पुढे असेल तर मध्ये दाब तोडायची टाकी घाला: २०० लिटरचा उघडा ड्रम, पाणी वरून पडतं, तळातून नव्याने सुरू होतं. पाईप हातभर खोल गाडा. उघडा ठेवला तर वणवा, माकडं, रानडुकरं यांपैकी कोणीतरी पोचतंच. शिवाय १०० मीटर पाईप सकाळ-दुपारच्या ३० अंश फरकाने अर्धा मीटर लांबतो आणि आखडतो. ताणून टाकला की थंड पहाटे जोड निसटतात. नागमोडी टाका आणि चर सकाळी बुजवा. कातळामुळे गाडता येत नसेल तर दगडमातीने झाका. पीव्हीसी पाईप उन्हात कधीच उघडा टाकू नये, दोन-तीन उन्हाळ्यांत तो काचेसारखा तडकतो.

वाट वनजमिनीतून जात असेल तर खणण्याआधी वनखात्याशी बोला. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये पाण्याचे पाईप आणि छोटे पाट येतात, ग्रामसभेच्या शिफारशीने. पण ती तरतूद सरकारी सुविधांसाठी आहे, एकट्याच्या पाईपला ती आपोआप लागू होत नाही. गावाची योजना म्हणून मांडलेलं बरं.

खाली वावराच्या माथ्यावर साठवण हवीच. साडेपाच लिटरची धार थेट ठिबकला जोडली तर पहिल्या दोन ओळी भिजतात आणि बाकीच्या कोरड्या राहतात. पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद, १.२ मीटर खोल, चारी बाजूंना एकास एक उतार, असा खड्डा काठापासून १५ सेंटिमीटर खाली भरला की साधारण ६,७०० लिटर मावतात, म्हणजे वीस तासांची धार. त्याला ७ बाय ५ मीटरचा ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद पुरतो; कडा अर्धा मीटर चरात गाडायच्या. कागदाखाली मऊ माती चाळून पसरा, खेकड्यांची बिळं आधी ठेचून बुजवा, आणि गुरं-पोरं पडणार नाहीत असं कुंपण करा.

टाकीतल्या पाण्याची पातळी सर्वांत वरच्या ओळीपेक्षा तीन मीटर उंच असेल तर साधं ठिबक चालतं. फक्त ताशी ४ लिटरच्या ड्रिपरवर (ठिबकची थेंब सोडणारी तोटी) ४ लिटर लिहिलेलं असतं ते १० मीटर दाबाला. तीन मीटरला तो ताशी सव्वादोन लिटर देतो. दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे महागडे ड्रिपर इथे घेऊ नका, त्यांना उघडायलाच पाचेक मीटर लागतात. तुषार सिंचनाचा तर विचारही नको. सव्वा मीटरवर ओळी आणि ४० सेंटिमीटरवर ड्रिपर धरले तर २० गुंठ्यांत ४,००० हून थोडे जास्त ड्रिपर होतात, सगळे एकदम उघडले तर ताशी ९,००० लिटर मागतात. म्हणून चार भाग करा, प्रत्येकाला वेगळी चावी, प्रत्येकाला ५०-५५ मिनिटं. टाकीपासूनची मुख्य नळी ५० मिमीची हवी. इथे ३२ मिमी घालून बचत करणाऱ्यांचं पाणी ओळींपर्यंत पोचण्याआधीच संपतं, कारण हाताशी तीनच मीटर आहेत. फिल्टरही त्यातच खातो. डिस्क फिल्टर छोटा बसवला तर एक-दोन मीटर तिथेच जातात. त्यापेक्षा टाकीत पडणाऱ्या धारेला कापडी पिशवी बांधा, नळीच्या तोंडाला मोठी जाळी लावा आणि फिल्टर दोन इंची घ्या.

ओळी उतारावर उभ्या टाकू नका. समपातळीत, ३० मीटरपेक्षा लांब नको. एक मीटर खालची पायरी वरच्यापेक्षा पंधरा टक्के जास्त पाणी घेते, म्हणून दर पायरीला चावी आणि खालच्या पायरीला वेळ कमी. ओळींची टोकं आठवड्यातून एकदा उघडून धुवायची.

मेच्या शेवटी, पहिला मोठा पाऊस यायच्या आत, वरचा ड्रम मोकळा करून बाजूला बांधून ठेवा, पाईपचं तोंड प्लगने बंद करा, खोलगट जागेच्या चाव्या उघडून लाइन रिकामी करा आणि खड्ड्याचा सांडवा साफ करा. पाऊस सरल्यावर पुन्हा जोडताना पहिलं पाणी खोलगट जागेच्या चावीतून स्वच्छ येईपर्यंत सोडून द्यायचं, मगच टेकाडावरची हवा काढायला घ्यायची.